खाडीतला कन्सल्टंट

नागपूरच्या माणसाने समुद्रात उतरू नये असा काही कायदा नाही. नागपूरला समुद्रच नसल्यामुळे तो करायची वेळ कुणावर आली नसावी, एवढंच. त्यामुळे तिथल्या महाल भागातल्या सायकल दुकानदाराचा मुलगा रवींद्र वैरागडे न्यू जर्सीच्या खाडीत कंबरेएवढ्या पाण्यात उभा राहून पायाच्या बोटांनी शिंपले चाचपत पोट भरतो, यात बेकायदा असं काहीच नव्हतं. लाजिरवाणं होतं की नाही, यावर मात्र घरात दोन मतं होती, आणि त्यातलं मोठ्याने न बोललं जाणारं मत त्याच्या बायकोचं, मंजुषाचं होतं.

तो आला होता सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून, चारचौघांसारखा. व्हिसा, ग्रीन कार्ड, पुढे अमेरिकेचा पासपोर्ट, वेस्ट विंडसरला घर, घरामागे डेक, डेकवर कुणीही न बसणाऱ्या खुर्च्या, सगळं ओळीने झालं. मग मंदी आली आणि कंपनीने त्याच्या हातात पुठ्ठ्याचा खोका दिला. नोकरी गेलेला मराठी माणूस सगळ्यात आधी रेझ्युमे सुधारायला घेतो. रवींद्रनेही घेतला. सुधारता सुधारता तो इतका चांगला झाला की त्यातला माणूस कोण, हे रवींद्रलाच ओळखू येईना. अशात एक इंटरव्ह्यू लवकर संपला, म्हणजे समोरच्यांनी संपवला, आणि इतक्या लवकर घरी जायला तोंड नाही म्हणून तो गाडी घेऊन किनाऱ्याला गेला.

तिथे खाडीत एक म्हातारा अमेरिकन उभा होता. शेजारी दोरीने बांधलेली होडी, अंगात रबरी विजार, आणि चेहऱ्यावर असं समाधान की जे रवींद्रने प्रमोशन मिळालेल्या माणसाच्याही चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. म्हातारा मधूनच वाकायचा, हात खांद्यापर्यंत पाण्यात घालायचा आणि चिखलातून मुठीएवढा शिंपला काढून टोपलीत टाकायचा. रवींद्र टाय लावलेल्या अवस्थेत ते बराच वेळ बघत राहिला. म्हाताऱ्याने विचारलं, "बघतोस काय? जोडे काढ."

जोडे काढले ते काढलेच. फ्रँक नावाच्या त्या म्हाताऱ्याने त्याला उन्हाळ्यात पायांनी आणि थंडीत होडीतून लांब दांड्यांच्या लोखंडी पंजाने शिंपले काढायला शिकवलं, आणि गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा आपली होडीही त्यालाच विकली. रवींद्रला पोहता येत नाही. आजही येत नाही. त्याचं म्हणणं, "कंबरेच्या वर पाणी आलं की मी वापस येतो. त्यात पोहायचं काय आहे?"

मंजुषा नाशिकची. तिला मासे वर्ज्य नव्हते, समुद्र वर्ज्य नव्हता, नवऱ्याने आपला आपण मालक व्हावं यालाही तिची हरकत नव्हती. ती स्वतः एका औषध कंपनीत होती आणि घर चालण्यापुरतं चालत होतं. तिला धसका होता तो एकाच प्रश्नाचा. तो प्रश्न आला त्या वर्षीच्या गणपतीत, मराठी मंडळाची सर्वेसर्वा अस्मिता हिच्या तोंडून, उकडीचे मोदक वाढता वाढता.

"मंजू, रवींद्र सध्या काय करतो गं?"

मंजुषाच्या पानात मोदक होता, मागे अकरा बायका होत्या, आणि त्या सगळ्यांचे नवरे काहीतरी लीड करत होते.

"तो ना, मरीनमध्ये आहे," मंजुषा म्हणाली. तेवढ्याने अस्मिता हलेना, म्हणून पुढे जोडलं, "कन्सल्टिंग."

"अरे वा," म्हणून अस्मिता पुढच्या पानावर गेली.

तसं हे अगदीच खोटं नव्हतं. समुद्र होता, आणि सल्ला तर रवींद्र येता-जाता देतच असे, फुकट. पण असल्या बोलण्याला पोरंबाळं होतात. धंद्याची कंपनी काढायची वेळ आली तेव्हा मंजुषाने नाव सुचवलं, 'वैरागडे मरीन सोल्युशन्स'. मंडळातलाच अनिल सगळ्यांचे टॅक्स भरायचा. त्याने फोनवर विचारलं, "वहिनी, धंद्याचं स्वरूप काय टाकू?" मंजुषा म्हणाली, "मरीन कन्सल्टिंग." मागून रवींद्र ओरडला, "टाक बे काहीही. शिंपल्याला वाचता येते का?" मंडळाच्या डिरेक्टरीतही तेच छापून आलं. अशी दहा-अकरा वर्षं गेली. घरात चिखल, मंडळात कन्सल्टंट.

मग कोविडची साथ आली. न्यूयॉर्कची रेस्टॉरंट्स बंद झाली आणि रवींद्रचा माल घेणाऱ्या व्यापाऱ्याने कळवलं की आता एकही शिंपला आणू नकोस. शिंपले दारोदार विकता येत नाहीत, ते परवाना असलेल्या व्यापाऱ्यालाच द्यावे लागतात, तेव्हा विषयच संपला. शिंपल्यांच्या आयुष्यात इतका सुरक्षित वसंत कधी आला नसेल. इकडे मंजुषाच्या कंपनीने सगळ्यांचे पगार कापले, कॉलेज बंद पडल्यामुळे मुलगी अनिका घरी परत आली आणि फ्रिज उघडण्याचं प्रमाण वाढलं.

त्यातल्या त्यात एक बरी गोष्ट घडली. एरवी स्वतःचा धंदा करणाऱ्याला बेकारीचा भत्ता मिळत नाही. नोकरदाराला मालक काढतो, मग सरकार त्याला सांभाळतं. जो स्वतःच मालक आहे त्याला काढणार कोण? आणि त्याने स्वतःला काढलंच, तर दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच पाया पडून तो परत कामावर लागणार नाही कशावरून, असा सरकारचा रास्त संशय. पण त्या वर्षी सरकारने संशय बाजूला ठेवला. टॅक्सीवाले, न्हावी, गाणारे, मासेमार, सगळ्यांना भत्ता म्हणून जाहीर झालं. अट एकच, साथीमुळे काम खरंच थांबलेलं हवं.

"आपण त्या अटीत बसून राहिलो," रवींद्र म्हणाला आणि त्याने अर्ज टाकला.

काही दिवसांनी खात्यातून चौकशीचा फोन आला. रवींद्र बोटीवर ताडपत्री बांधायला गेला होता. मंजुषाच्या एका कानात ऑफिसची मीटिंग होती, गॅसवर वरण उतू जात होतं, वरच्या खोलीतून अनिकाच्या प्रोफेसरचा आवाज येत होता. पलीकडच्या बाईंनी गोड आवाजात विचारलं, "तुमचे मिस्टर काय करतात?"

'कसे आहात' म्हटलं की 'मजेत' निघतं, तसं मंजुषाच्या तोंडून निघालं, "ही इज इन मरीन कन्सल्टिंग."

"अच्छा. ते काम घरून करता येतं का?"

आता इथे तरी थांबावं की नाही? पण नवऱ्याची बाजू उचलून धरायची सवय. मंजुषा जराशा अभिमानानेच म्हणाली, "ऑफ कोर्स."

बाईंनी आभार मानले. मंजुषाने वरणाचा गॅस बारीक केला. आपण काय केलं ते तिला त्यानंतरही कळलं नव्हतं. ते कळलं अर्ज फेटाळला गेला तेव्हा. कारण सरळ होतं, अर्जदार सल्लागार आहे, त्याचं काम घरून होतं, सबब तो बेकार नाही.

रवींद्रने ते दोनदा वाचलं. "मी घरून काम करून राहिलो म्हणे. बाथटबमध्ये शिंपले काढून राहिलो काय मी?"

मंजुषाने आधीच पुसलेला ओटा परत पुसायला घेतला.

"मंजू, त्यांना हे सांगितलं कोणी?"

"माझ्या तोंडून निघून गेलं रे."

"काऊन?"

"सवय."

रवींद्र चिडला नाही. तो चिडत नाही हेच त्याचं सगळ्यात चीड आणणारं लक्षण, असं मंजुषाचं जुनं मत आहे. त्याने फक्त ताडपत्रीच्या दोरीचा उरलेला तुकडा बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. मग म्हणाला, "अपील टाकतो. नाही जमलं तर मग बोट विकावी लागेल. धक्क्याचं भाडं कशातून भरू? एक डेंटिस्ट मागे लागून राहिला आहे, त्याला रविवारी बीअर प्यायला पाहिजे."

"आणि तू?"

"राजीव आहेच ना."

राजीव म्हणजे मंजुषाचा धाकटा भाऊ. तो आणि बायको रुपाली मिशिगनमधल्या नोव्हाय गावात, तो गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत मॅनेजर. दर दिवाळीला त्याचा फोन यायचा आणि फराळाच्या चौकशीनंतर तो म्हणायचा, "ताई, दाजींना सांग, रेझ्युमे पाठवा. टेस्टिंगमध्ये काहीतरी बघू. हे पाण्यात उभं राहणं किती दिवस?" या खेपेला त्याने दिवाळीची वाट पाहिली नाही. फोन करून म्हणाला, "बरं झालं एका अर्थी. आता तरी दाजी लाइनवर येतील. एक ऑनलाइन कोर्स आहे, लिंक पाठवतो."

मंजुषाला खरं सांगायचं तर फोन ठेवल्यावर हलकं वाटलं. नवरा खुर्चीवर बसेल. गाडीतला वास जाईल, तीत पाहुणे बसवता येतील. कुणी विचारलं तर जे आहे ते सांगता येईल. यासाठी तिला काही करायचंही नव्हतं, फक्त गप्प राहायचं होतं. त्या हलकेपणाची तिला लाज वाटली, पण लाज वाटली म्हणून हलकं वाटायचं थांबलं नाही.

अपिलाची सुनावणी फोनवर होणार होती. रवींद्र मासेमार आहे हे सांगणारं कुणीतरी हवं होतं. शिंपल्यांचा परवाना होता, पण तो कुणीही शुल्क भरून काढू शकतो. व्यापाऱ्याच्या पावत्या मरीन सोल्युशन्सच्या नावाने, टॅक्स मरीन कन्सल्टिंगचा. कागदोपत्री हा माणूस कधी ओला झालाच नव्हता. फ्रँक तर केव्हाच देवाघरच्या खाडीत उतरला होता.

"मंडळातल्या कोणाला विचार ना," रवींद्र म्हणाला. "इतकी माणसं आहेत. एकाला तर माहीत असेल."

"कुणालाच माहीत नाही," मंजुषा म्हणाली. हे बोलताना तिला स्वतःच्या कर्तबगारीचं जरासं कौतुकही वाटलं.

शेवटी ती अस्मिताकडे गेली. साथीचे दिवस, म्हणून घरात नाही. अस्मिताच्या ड्राइव्हवेवर दोन घडीच्या खुर्च्या, मध्ये म्हैस बसेल इतकं अंतर, दोघींच्या तोंडावर मास्क. गुन्ह्याची कबुली देण्यासाठी याहून चांगली सोय नाही. मंजुषाने नजर गवतावर ठेवून एका दमात सांगितलं की रवींद्र कन्सल्टंट नाही, खाडीत शिंपले काढतो.

अस्मिताने मास्क खाली ओढला. "बरं. मग?"

"मग म्हणजे? मी काय सांगितलं ते कळलं का तुला?"

"अगं, आम्हाला माहीतच आहे."

"कुणाला?"

"सगळ्यांना. तुमच्या गाडीत बसलंय ना यार प्रत्येक जण एकदा तरी." अस्मिताने 'एकदा' या शब्दावर जोर दिला. "गणपती आणायला तुमची एवढी मोठी व्हॅन होती, तरी आम्ही दुसरी भाड्याने घेतली, ती का वाटलं तुला? देवाला वास येतो म्हणून नाही हं. तुला ओशाळं वाटेल म्हणून."

"मग इतकी वर्षं कुणी काही बोललं कसं नाही?"

"तू इतकं छान सांगायचीस. मरीन कन्सल्टिंग. तुझं मन मोडायचं कशाला? माझी सासू आली होती तेव्हा मीच तिला सांगितलं, हे मोठे कन्सल्टंट आहेत, त्यांच्या पायाला चिखल असतो तो साइट व्हिजिटचा."

मंजुषाला काय वाटावं ते कळेना. दहा-अकरा वर्षं तिने एकटीने जे ओझं वाहिलं होतं, त्याला मागून सगळ्या मंडळाने हात लावला होता. आभार मानावेत की खुर्ची घडी करून अस्मिताच्या डोक्यात घालावी?

"मग तू साक्ष देशील?" तिने विचारलं.

अस्मिताने मास्क परत वर केला. "माझं नाव नको गं सरकारात. आमचं ग्रीन कार्ड अजून लटकलेलंय. उगाच कुणी विचारलं, तुम्ही यांच्याबद्दल डिरेक्टरीत काय छापलं होतं, तर? तू सांग ना. तू बायको आहेस."

म्हणजे ज्यांना माहीत होतं त्यांना बोलायचं नव्हतं, आणि जिला बोलायचं होतं ती एकदा बोलून बसली होती. मंजुषा घरी आली ती चिडून. खोटं उघडं पडल्याचा राग तिला आला नव्हता. ते कधी झाकलेलंच नव्हतं, याचा आला होता. इतके श्रम, आणि सगळे वाया.

तिने स्वयंपाकघरातून पाहिलं तर रवींद्र जेवणाच्या टेबलाशी बसला होता, कानाला हेडफोन, समोर लॅपटॉप. राजीवने पाठवलेला कोर्स चालू होता. पाठ ताठ, चेहरा गंभीर, मधूनच मान डोलावत होता. शेजारच्यांनी खिडकीतून पाहिलं असतं तर म्हणाले असते, बघा, कन्सल्टंट. अनिका सफरचंद खात जिन्यावरून उतरली, बापाकडे बघून थांबली आणि आईला हळूच म्हणाली, "मॉम, ही लुक्स लाइक अ होस्टेज." आणि परत वर गेली.

मंजुषाला हसू येणार होतं, तेवढ्यात तिची नजर टेबलाखाली गेली. रवींद्रचे अनवाणी पाय गालिच्यावर फिरत होते. त्याला पत्ता नव्हता. अंगठा पुढे सरकायचा, बाकीची बोटं मागून पसरायची, दाबून बघायची, काही नाही म्हटल्यावर बोटभर पुढे. टेबलाच्या एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत त्याने सगळा गालिचा असा नीट, एकही जागा न सोडता तपासला आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

त्या गालिच्यात काही सापडणार नव्हतं. मंजुषा बराच वेळ बघत राहिली, मग तिने मुद्दाम भांडं आपटलं. पाय थांबले.

सुनावणी सकाळची होती. फोन टेबलावर, स्पीकर चालू, रवींद्र एका बाजूला, मंजुषा दुसऱ्या. अधिकारी बाईंचा आवाज कोरडा होता, इस्त्री केल्यासारखा. त्यांनी शपथ दिली आणि रवींद्रपासून सुरुवात केली.

"मिस्टर वैरागडे, तुमच्या कंपनीचं नाव मरीन सोल्युशन्स. ही कंपनी कसली सोल्युशन्स देते?"

"शिंपले," रवींद्र म्हणाला.

पलीकडे टाइप करण्याचा आवाज आला आणि थांबला. "टॅक्समध्ये कन्सल्टिंग लिहिलेलं आहे."

"हो. पण मी कोणाला कन्सल्ट करत नाही. मला कोणी विचारतही नाही."

"तुमच्या पत्नीने आमच्या कर्मचाऱ्याला तुम्ही कन्सल्टंट आहात असं सांगितलं. त्या तिथे आहेत का?"

मंजुषा फोनकडे वाकली. शपथ झाली. बाईंनी विचारलं, "तेव्हा सांगितलं ते खरं, की आता सांगाल ते?"

"आता सांगते ते."

"मग तेव्हा तसं का सांगितलंत?"

मंजुषाने उत्तर ठरवून ठेवलं होतं, सभ्य, दोन वाक्यांचं. पण आपला नवरा शिंपले काढतो हे लपवण्यासाठी आपण काय काय केलं ते या बाईंना समजावायचं, तर गणपतीपासून सुरुवात करावी लागली असती. "आमच्या लोकांत सांगायला बरं वाटतं म्हणून," ती म्हणाली.

"हे मी नोंदवू कसं, मॅम? तुमचे पती मासेमार आहेत याचा काही पुरावा?"

पुरावा हा शब्द ऐकला आणि मंजुषाच्या आतलं काहीतरी सुटलं. इंग्रजीतच बोलली, पण चाल सगळी नाशिकची.

"पुरावा? मॅडम, माझं वॉशिंग मशीन तीनदा बिघडलं. शेवटी मेकॅनिकने त्याच्या पोटातून अर्धा शिंपला आणि ओंजळभर वाळू काढली आणि मला विचारलं, तुम्ही यात काय धुता. घरात दोन गाड्या आहेत, पाहुणे एकाच गाडीत बसतात. हा माणूस सकाळी उठून बायकोचं तोंड बघत नाही, ओहोटी कधी आहे ते बघतो. लग्नाच्या वाढदिवसाला कुठे जायचं ते आम्ही ठरवत नाही, चंद्र ठरवतो. मुलीच्या हायस्कूलच्या ग्रॅज्युएशनला सूट घालून आला, मी म्हटलं चला, शोभला, आणि खाली बघते तर ओले मोजे. पाण्यात घालायचे जाड मोजे, तेच. मुलगी स्टेजवर, आणि याच्या पायाखाली डबकं."

रवींद्र खुर्चीत जरा मागे सरकला.

"त्याच्या पायाची बोटं बघा, मॅडम. माणसाची राहिली नाहीत. आणि ती झोपेतही थांबत नाहीत. रात्रभर चाचपत असतात. माझी पोटरी शिंपला आहे की नाही हे मी किती वर्षं तपासून घेतेय, मलाच माहीत. कन्सल्टंटची बोटं असं करतात का? तुम्हीच सांगा. मला अशी बोटं असलेला दुसरा माणूस आणून दाखवा, मी त्याला कन्सल्टंट म्हणेन."

फोनमधून खोकल्यासारखा आवाज आला. मग कागद हलल्याचा. बाईंचा आवाज परत आला तेव्हा इस्त्री जराशी मोडली होती.

"शेवटचा प्रश्न. या काळात त्यांना दुसऱ्या कुणी काम देऊ केलं का? देऊ केलेलं काम नाकारलं असेल तर भत्ता मिळत नाही."

रवींद्रने मंजुषाकडे पाहिलं. त्याच्या मनात राजीव आला होता हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. तो शपथेवर होता आणि खोटं बोलणं त्याला जमत नाही, त्या खात्याचा कारभार घरात दुसऱ्याकडे असे. त्याने तोंड उघडलं. मंजुषाने हात वर करून त्याला थांबवलं.

"माझा भाऊ आहे, मॅडम. तो दरवर्षी म्हणतो, रेझ्युमे पाठवा, काहीतरी बघू. काम कुठलं, पगार किती, कधीपासून, हे त्याने आजवर सांगितलेलं नाही. या वेळी एका कोर्सची लिंक पाठवली. माझा भाऊ काम देत नाही. सल्ला देतो. आमच्या कुटुंबात खरा कन्सल्टंट तो."

हे शब्दशः खरं होतं, आणि बोलून झाल्यावर मंजुषाच्या लक्षात आलं की इतकं खरं तिने नवऱ्याच्या धंद्याबद्दल किंवा माहेराबद्दल कधीच बोललेलं नव्हतं. खुर्ची, टाय, स्वच्छ गाडी, सगळं तिने आत्ताच स्वतःच्या तोंडाने घालवलं होतं. तिने वाट पाहिली, वाईट वाटतंय का ते बघायला. भूक लागल्यासारखं वाटत होतं.

"माझ्याकडे पुरेसं आहे," बाई म्हणाल्या. "निर्णय कळवू. आणि मिसेस वैरागडे, गुड लक." शेवटचे दोन शब्द नोंदीत नसावेत.

फोन बंद झाला. जिन्यावर बसून सगळं ऐकलेली अनिका पाय न वाजवता वर निघून गेली, म्हणजे आई-बापाला आता एकटं सोडावं, हेही तिला कळलं.

रवींद्र टेबलाकडे बघत म्हणाला, "एवढं होतं तुझ्या मनात?"

"अजून होतं. त्यांनी थांबवलं."

"पोटरीचं तू मला कधी बोलली नाहीस."

"तू ऐकतोस केव्हा? ओहोटी असते ना."

तो हसला, मग ती. नंतर त्याने कोर्सचा लॅपटॉप बंद केला आणि तिने पोहे टाकले.

निकाल त्यांच्या बाजूने लागला. मागचे आठवडे धरून भत्ता सुरू झाला, धक्क्याचं भाडं भरलं गेलं, डेंटिस्टला बीअरसाठी दुसरी बोट शोधावी लागली. सरकारने रवींद्रला मासेमार म्हणून मान्यता दिली ती त्याला मासे धरू न देता, पण अशा मान्यता तशाच मिळत असतात.

आणि मग एका रविवारी दुपारी राजीवचा फोन आला. मंजुषा सज्ज होती.

"ताई, दाजींचं काय ठरलं?"

"ठरायचं काय त्यात? ते मासेमार आहेत. सध्या काम बंद आहे, म्हणून बेकार आहेत. भत्ता चालू आहे. कुणी विचारलं तर सांग." हे सगळं तिने एका दमात म्हटलं आणि राजीवच्या सल्ल्याची वाट पाहिली. सल्ला येईना. "हॅलो? राजीव?"

"आहे, आहे." तो घुटमळला. "दाजींनी तो अर्ज कसा भरला गं? म्हणजे अपीलबिपील नको, साधा अर्ज."

"कुणासाठी?"

"आमचा प्लांट बंद आहे. मॅनेजर लोकांनाही घरी बसवलंय. बिनपगारी."

"कधीपासून?"

"झाले काही आठवडे. तुला कोर्सची लिंक पाठवली ना, त्याच्या आदल्या दिवसापासून. माझ्यासाठीच शोधला होता तो."

मंजुषाच्या जिभेवर बरंच काही आलं. दिवाळीमागून दिवाळ्या साठलेलं. पण धाकटा भाऊ होता, आणि त्याचा आवाज तो आठवीत नापास झाला होता तेव्हासारखा होता. तिने ते तसंच ठेवून फोन डेकवर नेला. रवींद्र कुणीही न बसणाऱ्या खुर्चीवर बसून पंजाच्या दांड्याला तेल लावत होता.

"राजीव आहे. त्याची नोकरी थांबलीय. अर्ज कसा भरायचा विचारतोय. नीट सांग. आणि हसू नकोस."

रवींद्रने हात पुसले, फोन घेतला, आणि हसला नाही. "हां राजीव. होते बापा असं. कठीण नाही, मी सांगतो. पहिले एक सांग, रुपालीने तिथे लोकांना काय सांगून ठेवलं?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"वर्क फ्रॉम होम," राजीव म्हणाला.

"मग पहिले तिला बोलाव," रवींद्र म्हणाला आणि दांडा बाजूला ठेवून त्याने खुर्ची सावलीत ओढली.